सोनं गेलं, वाडगे राहिले

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी आमचं जुनं घर आहे. त्या घरातल्या फडताळात, वरच्या फळीवर, एक चिनी मातीचा वाडगा असायचा. पांढऱ्या अंगावर निळी वेलबुट्टी आणि काठाचा एक टवका उडालेला. त्यात कुणी कधी काही वाढलं नाही. माझे चुलत आजोबा बोटीवर खलाशी होते. पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी तो आणला होता. त्यानंतरच्या फेरीला ते गेले आणि परत आले नाहीत. बोटीवर आजारी पडले, वारले, एवढाच निरोप घरी आला. त्यांना कुठं दफन केलं, की पाण्यात सोडलं, हे कुणालाच कळलं नाही. त्यांची बायको, म्हणजे आमची धाकटी दादी, ईदच्या आदल्या दिवशी तो वाडगा खाली काढायची, पुसायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची.

तसाच वाडगा मला पुन्हा दिसला तो फार लांब, न्यूझीलंडमध्ये. माझा भाचा तिथं क्वीन्सटाऊन नावाच्या गावी हॉटेलात नोकरी करतो. त्याच्या आग्रहावरून मी आणि माझी पत्नी तिकडे गेलो होतो. ‘मामूजान, तुम्हाला सोन्याचं गाव दाखवतो,’ म्हणत तो आम्हाला ॲरोटाऊनला घेऊन गेला. क्वीन्सटाऊनपासून वीसेक किलोमीटरवरचं हे टुमदार गाव. तिथल्या संग्रहालयात काचेआड चिनी वाडगे मांडलेले होते. सोन्याचं गाव बघायला आलो आणि मी उभा राहिलो तो फुटक्या वाडग्यांपुढे. ते कुणाचे, तिथं कसे आले, आणि मातीतून बाहेर काढल्यावर त्यांनी काय सांगितलं, हे मी आज तुम्हाला सांगणार आहे.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो नावाचा प्रांत आहे. १८६१ च्या मे महिन्यात गॅब्रियल रीड या माणसाला तिथल्या तुआपेका भागात एका घळीत सोनं सापडलं आणि झुंबड उडाली. पण रीडच्या आधी काही वर्षं त्याच भागात सोनं हाती लागलेला एक माणूस होता. त्याचं नाव एडवर्ड पीटर्स. हा मूळचा आपल्या मुंबईकडचा! रंगावरून लोक त्याला ‘ब्लॅक पीटर’ म्हणत. त्याच्या शोधाची खबर कानावर आल्यानंतरच रीड तिकडे वळला होता. रीडला प्रांताच्या सरकारनं १,००० पौंडांचं बक्षीस दिलं. पीटर्सला तसं बक्षीस मिळालं नाही. १८८५ मध्ये, उतारवयात, त्याच्यासाठी ५० पौंड मंजूर झाले, तेही लोकांनी तेवढीच वर्गणी जमवली तरच, या अटीवर. १८९३ मध्ये तो वारला. त्याचं स्मारक उभं राहायला २००९ साल उजाडावं लागलं. त्याचं अनावरण त्या वेळचे गव्हर्नर जनरल, भारतीय वंशाचे आनंद सत्यानंद यांनी केलं.

रीडच्या शोधानंतर पुढच्याच वर्षी, १८६२ मध्ये, ॲरो नदीत सोनं सापडलं. तिथंही पहिल्या शोधाचं श्रेय जॅक टेवा या माओरी माणसाकडे जातं. गाजलं मात्र विल्यम फॉक्स या गोऱ्या खाणकऱ्याचं नाव. १८६३ च्या जानेवारीत ॲरोहून पहारेकऱ्यांच्या बंदोबस्तात सोन्याची पहिली खेप निघाली. तिचं वजन होतं १२,००० औंस, म्हणजे सुमारे ३७३ किलो.

हे सोनं खोल खाणीतलं नव्हतं. डोंगरातल्या गारगोटीच्या शिरांमध्ये सोनं असतं. बर्फ आणि पाणी हजारो वर्षं तो डोंगर झिजवतात आणि सोन्याचे कण नदीत येतात. सोनं साध्या वाळूपेक्षा सातपट जड. त्यामुळे पाण्याचा जोर जिथं कमी होतो, वळणावर किंवा खडकाच्या खाचेत, तिथं ते बसून राहतं. मग माणसानं थाळीत वाळू घ्यायची, पाण्यात गोल गोल फिरवायची, हलकं वाहून जातं, जड तळाशी उरतं. जास्त वाळू धुवायची तर पाळण्यासारखी हलणारी लाकडी पेटी. त्याहून जास्त हवं असेल तर डोंगरातून पाट काढून पाणी आणायचं आणि दरडच धुऊन काढायची.

सोपं सोनं दोन-तीन वर्षांत संपलं. तेवढ्यात न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नवं सोनं निघालं आणि ओटागोतले खाणकरी तिकडे पळाले. दुकानं ओस पडू लागली. तेव्हा डनेडिन शहरातल्या व्यापाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या चिनी खाणकऱ्यांना बोलावणं पाठवलं. हे लोक शांतपणे काम करतात, दुसऱ्यांनी टाकलेली वाळू पुन्हा धुतात, अशी त्यांची ख्याती होती. १८६६ पासून ते येऊ लागले आणि १८६९ पर्यंत ओटागोत त्यांची संख्या २,००० च्या वर गेली. त्यातले बहुतेक दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातल्या खेड्यांतून आलेले होते.

आपल्याकडे झारेकरी असतात. सराफ कट्ट्यावरची, सोनाराच्या दुकानातली केरमाती ते विकत घेतात, धुतात आणि तीतून सोन्याचे कण काढतात. हिंदी-उर्दूत त्यालाच ‘न्यारिया’ म्हणतात. ओटागोतल्या चिनी माणसांचं काम त्याच जातीचं होतं. गोऱ्यांनी उपसून टाकलेले ढिगारे ते पुन्हा धूत. मोठे धोंडे बाजूला काढून ते नीट रचून ठेवत. ओटागोच्या नद्यांकाठी अशा रचलेल्या धोंड्यांच्या रांगा आजही दिसतात.

ॲरोटाऊनला त्यांची वस्ती गावाच्या कडेला, बुश क्रीक नावाच्या ओढ्याकाठी होती. लॉरेन्स नावाच्या दुसऱ्या गावात तर नगरपालिकेनं नियमच केला होता, की चिन्यांनी गावात राहायचं नाही. त्यांनी गावाबाहेर आपली वेगळी वस्ती केली. ॲरोटाऊनच्या ओढ्याकाठच्या झोपड्या आम्ही पाहिल्या. एक तर कड्याला टेकून बांधलेली. मागची भिंत म्हणजे कडाच. आत एक माणूस झोपेल आणि चूल पेटेल एवढीच जागा. दार इतकं बुटकं की माझी पत्नी म्हणाली, ‘इथं शिरताना प्रत्येकाला सलाम करावा लागत असेल.’

या माणसांबद्दल त्या काळी पुष्कळ लिहिलं गेलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, पुढाऱ्यांनी भाषणं केली. त्यांचा सूर साधारण एकच असे. हे लोक इथलं सोनं घेऊन जातात. इथं काही विकत घेत नाहीत, सगळं चीनहून मागवतात. अफू ओढतात, जुगार खेळतात. हे आपल्यात मिसळणारे नाहीत. अलेक्झांडर डॉन नावाचे एक पाद्री कॅन्टोनी भाषा शिकून दरवर्षी पायी वस्त्यावस्त्यांतून फिरत. त्यांनी साडेतीन हजारांहून जास्त चिनी माणसांची नावनिशी वहीत टिपून ठेवली. आज त्यांच्या वंशजांना ती वही मोलाची वाटते. पण डॉन यांच्या लिखाणातही अफू आणि जुगारावरची नाराजी जागोजागी आहे. स्वतः या खाणकऱ्यांनी लिहिलेलं मात्र फारच थोडं उरलं आहे.

लिहिलं गेलं तसा कायदाही झाला. १८८१ मध्ये देशात येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा डोईपट्टी कर बसला. १८९६ मध्ये तो १०० पौंड केला. त्याच १८८१ च्या खानेसुमारीत न्यूझीलंडमध्ये ५,००४ चिनी माणसं होती आणि त्यात बायका फक्त ९! १८९८ मध्ये म्हातारपणाचं पेन्शन सुरू झालं, त्यातून या लोकांना वगळलं. म्हणजे ज्यांना बोलावून आणलं होतं, ते आता नको झाले होते.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी साक्ष द्यायला माती पुढे आली. ओटागोतल्या क्लुथा नदीवर मोठं धरण बांधायचं ठरलं. पाण्याखाली जाणाऱ्या जागांचा आधी अभ्यास व्हावा म्हणून नेव्हिल रिची या पुरातत्त्वज्ञाची नेमणूक झाली. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातल्या अनेक चिनी वस्त्या उकरल्या. ॲरोटाऊनच्या वस्तीचं उत्खनन १९८३ मध्ये झालं.

उत्खनन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडे आणि मूर्ती येतात. इथं होता तो केर. झोपडीची जमीन, चुलीची राख, दाराबाहेर फेकलेला कचरा. जमिनीवर दोरीनं चौकोन आखायचे, हातातल्या छोट्या थापीनं थर हळूहळू खरवडायचे, निघालेली माती चाळणीतून काढायची. जे सापडेल ते कुठल्या चौकोनात, किती खोलीवर सापडलं हे लिहायचं. बाटली घ्या. काचेवरची साच्याची रेघ ओठाच्या कडेवरून वरपर्यंत गेली असेल, तर ती सगळी यंत्रावर तयार झाली, म्हणजे विसाव्या शतकातली. बाटलीचं वय कळलं की तिच्याबरोबर त्याच थरात पडलेल्या बटणाचं, हाडाचं वय अंदाजानं कळतं. म्हणून वस्तूइतकीच तिची जागा महत्त्वाची.

मग सापडलं काय? चिनी वाडगे तर सापडलेच. काही हिरवट झिलईचे, काहींवर वेळूची निळी नक्षी, काहींवर चार ऋतूंची चार फुलं. तपकिरी झिलईच्या जाड बरण्या सापडल्या. बुटक्या चोचीची बरणी सोयाच्या रसाची, रुंद तोंडाची मुरवलेल्या भाज्यांची. चिनी मद्याच्या बाटल्या, औषधाच्या बोटाएवढ्या कुप्या. चौकोनी भोकाची चिनी नाणी सापडली. त्यातली कितीतरी सतराव्या-अठराव्या शतकातल्या बादशहांच्या नावाची, म्हणजे खाणकऱ्याच्या पणजोबाच्या काळातली. न्यूझीलंडच्या बाजारात त्यांना कवडीची किंमत नव्हती. खेळाच्या डावात सोंगट्यांसारखी ती वापरली जात. काळ्या-पांढऱ्या काचेच्या सोंगट्याही मिळाल्या. अफूच्या नळीच्या मातीच्या वाट्या मिळाल्या, अफूचे पितळी पत्र्याचे डबे मिळाले. म्हणजे अफूची आणि जुगाराची गोष्ट खोटी नव्हती. माती कुणाची बाजू घेत नाही.

पण त्याच केरात दुसरंही खूप काही होतं. युरोपीय बनावटीचे बूट, कोटाची आणि पाटलोणीची बटणं. इंग्रजी बिअरच्या, लोणच्याच्या, सॉसच्या बाटल्या, गोऱ्या कंपन्यांची वेदनाशामक औषधं. डुकराची हाडं होती, तशी गाईची आणि मेंढीचीही होती. तांदूळ आणि सोया चीनहून येई हे खरं, पण बूट, मांस, दारू, औषध, अवजारं गावातल्या दुकानांतूनच घेतली जात होती. ‘इथं काही विकत घेत नाहीत’ हे वर्तमानपत्रातलं वाक्य केराच्या ढिगाऱ्यानं खोटं पाडलं. घासलेटचा डबा कापून बादली केलेली, रिकाम्या डब्यांचे पत्रे ठोकून ठिगळं लावलेली. हे वाचताना मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. तिथंही घासलेटच्या डब्यात तुळस होती आणि डालड्याच्या डब्यात तांदूळ. होय, आमच्या अंगणात तुळस होती. खोकल्याला अम्मी तिचाच काढा देई.

इथं थोडं स्वतःबद्दल बोलतो. मी मराठीत कविता लिहितो, आता पन्नाशी उलटली. तरी कार्यक्रमानंतर कुणीतरी प्रेमानंच विचारतं, ‘तुम्ही मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ कुणी विचारतं, ‘तुमच्याकडे रोज बिर्याणी असेल, नाही?’ मी सांगतो, आमच्याकडे रोज भात आणि कुळथाची पिठी असते, बाजारात स्वस्त मिळाले तर बांगडे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. त्यानं आमच्या घरातली चूल पाहिलेली नसते, इतकंच. ॲरोटाऊनच्या गोऱ्या शेजाऱ्यांनी ओढ्यापलीकडची चूल पाहिली नाही. ती पाहायला पुरातत्त्वज्ञ यावे लागले, आणि तोवर त्या चुलीची राख थंड होऊन साठ वर्षं लोटली होती.

तसे पूल बांधणारेही होते. ॲरोटाऊनच्या वस्तीत आ लुम या दुकानदाराचं दगड-मातीचं दुकान आजही उभं आहे. ते १८८० च्या दशकातलं. तिथं तांदूळ मिळे, पत्र लिहून मिळे, पैसे ठेवायला देता येत, इंग्रजीत बोलायचं असलं तर दुभाषा मिळे, वाटसरूला रात्री पाठ टेकता येई. १९०१ मध्ये कायद्यानं बंदी येईपर्यंत तिथं अफूही ओढता येई. आ लुम १९२० च्या दशकात वारला. तोवर वस्तीत थोडीच म्हातारी माणसं उरली होती. ज्यांच्याकडे परतीचे पैसे जमले ते गेले, ज्यांच्याकडे नव्हते ते राहिले. आज या वस्तीची देखभाल तिथलं संवर्धन खातं करतं. काही झोपड्या पुन्हा उभ्या केल्या आहेत, शाळेची मुलं सहलीला येतात.

सगळ्याच वस्त्या इतक्या नशीबवान नव्हत्या. क्रॉमवेल गावाजवळ नदीकाठी मोठी चिनी वस्ती होती. रिचींनी तिचं उत्खनन केलं, नोंदी केल्या आणि १९९२-९३ मध्ये धरणाचं पाणी भरलं तेव्हा ती तळ्याखाली गेली. उजनीच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. क्रॉमवेलची वस्ती तशी वर येणार नाही. तिची आता फक्त नकाशे, वह्या आणि खोक्यांत भरलेल्या वस्तू एवढीच ओळख आहे. वेळेवर नोंद झाली नसती तर तीही उरली नसती.

न्यूझीलंडच्या कायद्यानुसार १९०० पूर्वीची कुठलीही मानवी वस्ती हे पुरातत्त्वीय स्थळ आहे आणि परवानगीशिवाय तिथं खणणं हा गुन्हा आहे. हा कायदा लागतो, कारण जुन्या बाटल्या गोळा करणारे हौशी लोक अशा जागा रात्रीत उकरून ठेवतात. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादानं किल्ल्यांचे चौथरे आणि पडके वाडे खणले जातात, तसंच. हाती काही लागो न लागो, थरांची उलथापालथ होते. त्या थरांतून कळणारी हकीगत कायमची जाते. बाटली कपाटात शोभून दिसते, पण ती कुणाच्या चुलीपाशी पडली होती हे मग कुणीच सांगू शकत नाही.

या माणसांचं सोन्याइतकंच मन लागलं होतं ते परत जाण्याकडे. परदेशात मेलं तरी हाडं गावी जावीत, मुलानातवांनी कबरीची देखभाल करावी, नाहीतर आत्मा बेवारस राहतो, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून ते वर्गणी काढत, पुरलेली प्रेतं वर काढत, हाडं स्वच्छ करून पेट्यांत भरत आणि चीनला पाठवत. १८८३ मध्ये २३० जणांचे अवशेष असे गेले. १९०२ मध्ये व्हेंटनॉर नावाची बोट ४९९ जणांचे अवशेष घेऊन वेलिंग्टनहून निघाली. त्यांत डनेडिनचे मोठे व्यापारी चोई स्यू होय यांचाही मृतदेह होता. या कामात पुढाकार घेणारे तेच, आणि आदल्याच वर्षी ते वारले होते. बोट वाटेत खडकावर आदळली आणि उत्तरेला होकियांगाच्या किनाऱ्याजवळ बुडाली.

त्यानंतर काही पेट्या आणि हाडं लाटांबरोबर किनाऱ्याला लागली. तिथल्या माओरी लोकांनी ती उचलली आणि आपल्या भूमीत पुरली. ती कुणाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची त्यांना गरजही वाटली नसावी. मेलेल्या माणसाला माती द्यायची, एवढं त्यांना माहीत होतं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यात ही आठवण सांगितली गेली. व्हेंटनॉरचे अवशेष समुद्रतळाशी २०१२ मध्ये सापडले. त्या चिनी कुटुंबांचे वंशज होकियांगाला जाऊन माओरींचे आभार मानून आले, तिथं स्मारकही झालं. डोईपट्टी करासारख्या कायद्यांबद्दल पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी १२ फेब्रुवारी २००२ रोजी सरकारच्या वतीनं जाहीर माफी मागितली होती.

होकियांगाची ही गोष्ट भाच्यानं गाडी चालवता चालवता सांगितली. मला पुढचा रस्ता काही वेळ दिसला नाही. चुलत आजोबांना कुणी उचललं असेल का, कुणी दोन मुठी माती टाकली असेल का, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्यानं विचारला नव्हता. धाकटी दादी तो वाडगा पुसायची, तेव्हा कदाचित हेच विचारत असेल.

घरी परतल्यावर मी एक काम केलं. तो वाडगा आता माझ्याकडे आहे. एका कागदावर चुलत आजोबांचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, त्यांच्याबद्दल घरात जे जे सांगितलं जाई ते पानभर लिहिलं आणि घडी करून वाडग्यात ठेवलं. माझ्या नातवंडांच्या हाती तो पडेल तेव्हा नुसता फुटका वाडगा पडू नये. तुमच्याही फडताळात असं काही असेल. आजच्या रविवारी ते खाली काढा, पुसा, आणि ज्यांना त्याची गोष्ट माहीत आहे ती माणसं घरात आहेत तोवर ती लिहून घ्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)